मागची डावी बाजू

आई गेल्या तेव्हा माझ्या नवऱ्याने डोळ्यांतून टिपूस काढलं नाही. त्याने पाना हातात घेतला.

गाडी आमच्याकडे आधीपासून होती. लांबुडकी वॅगन, मागे सामानाला भरपूर जागा, पुढे सहा सिलिंडरचं इंजिन आणि ताकद चारही चाकांना. घेताना त्याने मला सांगितलं होतं की आईची चाकांची खुर्ची मागे न दुमडता मावते. ते खरंच होतं. तशी ती टेम्पोतही मावली असती, पण टेम्पो घेताना माणसाचे डोळे असे लकाकत नाहीत.

सासूबाई मागे डाव्या बाजूला बसत. शेवटी शेवटी त्यांना चालता येईना, मग मीच उचलून बसवायची, उचलून उतरवायची. एक हात गुडघ्यांखाली, एक पाठीमागे. गळ्यात हात टाकून त्या कानाशी म्हणायच्या, "पाडशील मला एक दिवस." आणि दार लागलं की लेकाला हुकूम, "पळव रे जरा. म्हातारी मी झालेय, गाडी नाही."

त्या गेल्या आणि हा गाडीच्या मागे लागला. आधी सायलेन्सर बदलला. गाडी गल्लीत शिरली की माझ्या फडताळातल्या ताटल्या वाजू लागल्या. मग स्प्रिंगा इतक्या कडक केल्या की रस्त्यावरचा खडासुद्धा मणक्याला कळावा. शेवटी मागची अख्खी सीट पट्ट्यांसकट काढली आणि आईंच्या खोलीत, तिथे रचलेल्या टायरांशेजारी नेऊन ठेवली.

"वजन उतरतं तेवढं," म्हणाला.

गावाबाहेरच्या डोंगराचा रस्ता वर्षातून एकदा रहदारीला बंद करतात आणि घड्याळ लावून एकेक गाडी वर सोडतात. त्यात याने नाव दिलं होतं.

"पन्नाशी आली तुझी," मी म्हटलं. "पोट काढून ठेव खोलीत. सीटपेक्षा जास्त भरेल."

शर्यतीच्या आदल्या दिवशी सकाळी आम्ही गाडी घेऊन गॅरेजात फोरमनकडे गेलो. त्याला सगळे फोरमन म्हणतात. हाताखाली कोणी नाही, एक मांजर सोडलं तर. त्याने चार सपाट काटे जमिनीवर मांडले, एकेका चाकाखाली एकेक. चालवणारा माणूस आत बसवायचा, कुठल्या चाकावर किती भार येतो ते बघायचं आणि स्प्रिंगखालची कडी फिरवून तोल साधायचा, अशी ती पद्धत. नवरा स्टिअरिंगमागे बसला. फोरमनने आकडे बघितले आणि चष्मा पुसला.

"मागे डावीकडे काय टाकलंय रे?"

"काही नाही."

फोरमनने दार उघडलं. आत नुसता उघडा पत्रा. त्याने काटे आपसांत बदलून बघितले. मग नवऱ्याला खाली उतरवून बघितलं. तेवढा भार त्या कोपऱ्यात होता तिथेच होता. मी चहाचा पेला घेऊन शेजारी उभी होते. किती जास्त भरतंय, ते फोरमनने मोठ्याने सांगितलं. तो आकडा माझ्या हातांनी ओळखला. पेला मी खाली ठेवला.

"बघा वहिनी," फोरमन म्हणाला, "मी काट्याशी वाद घालत नाही. वजन आहे म्हणतोय ना, तर आहे. त्याला धरूनच गाडी लावतो." आणि त्याने लावली. खूश होऊन टपावर थापही मारली.

परतीच्या वाटेवर गाडी पाण्यासारखी चालली. वळणावर डुगडुग नाही, काही नाही. मोठ्या रस्त्याला लागलो आणि मागची डावी काच आपसूक दोन बोटं खाली गेली. मी बटणाला हात लावला नव्हता. नवऱ्याचे दोन्ही हात स्टिअरिंगवर होते.

"तिला वारा लागतो," तो म्हणाला.

"कधीपासून?"

"तिचे दिवस झाल्यापासून. मला वाटलं, मोठ्या आवाजाने उतरेल. मग वाटलं, धक्के बसले की उतरेल. सीटच काढली तर बसेल कुठे, म्हणून सीट काढली." तो हसल्यासारखं हसला. "तिला सगळंच आवडत गेलं."

"आणि उद्या?"

"उद्या येऊ दे. तिला वरपर्यंत जायचं होतं कधीचं."

घरी आल्यावर मी फोरमनला फोन लावला. विचारलं, ते मागचं वजन समजा सुटं असलं तर?

"सुटं?" त्याचा आवाजच बदलला. "वहिनी, सुटं काही घेऊन डोंगरावर जायचंच नसतं. मी गाडी त्या वजनावर तोललीय. भर वेगात उजव्या वळणावर ते सरकलं, तर मागची चाकं रस्ता सोडणार. त्या बाजूला कठडा नाही."

बांधायच्या पट्ट्या आईंच्या खोलीत होत्या, सीटला चिकटलेल्या. मी नवऱ्याला फोरमनचं बोलणं शब्दन् शब्द ऐकवलं. "ती घट्ट धरून बसते," एवढंच त्याचं उत्तर.

सकाळी तो दाढी करत होता, तेव्हा मी गाडीपाशी गेले. मागचं डावं दार उघडलं. पत्रा गार होता. मला वेड्यासारखं वाटत होतं, आणि खरं सांगायचं तर वेड्यासारखंच असावं, अशी आशाही वाटत होती.

"आई, उतरायचंय," मी म्हटलं. "हट्ट नको."

वाकून एक हात खाली घातला, एक पाठीमागे, आणि नेहमीसारखा श्वास घेऊन उचललं.

हातांत वजन आलं.

स्प्रिंग कण्हली आणि गाडीचा तो कोपरा बोटभर वर आला. माझ्या मानेभोवती काहीच नव्हतं. तरी तिथली कातडी ओढली गेली. मी पाय जपून टाकत, दारातून आडवी होत घरात आले. आईंच्या खोलीत टायर होते, म्हणून स्वयंपाकघरात खिडकीजवळच्या खुर्चीत ठेवलं. खुर्ची करकरली. मी टेबलाला धरून उभी राहिले.

नवरा दारात आला. अर्ध्या गालाला फेस तसाच.

"आईंना उतरवलंय," मी म्हटलं. "आता गाडी परत काट्यावर घे."

तो खुर्चीकडे बघत राहिला. मग तोंड धुऊन चावी घेतली.

फोरमन मांजराला दूध घालायला आलेलाच होता. काटे मांडले, तर मागची डावी बाजू हलकी निघाली.

"कोणी काढलं?"

"मी."

"होतं काय पण?"

"घरचंच होतं," मी म्हटलं. त्याने माझ्या तोंडाकडे बघितलं आणि कड्या उलट फिरवल्या.

डोंगराच्या पायथ्याशी मी दोरीमागे उभी राहिले. गाडी सुटली. झाडीत शिरल्यावर दिसेनाशी झाली, नुसता सहा सिलिंडरचा आवाज चढत राहिला. प्रत्येक वळणाला खाली यायचा, पुन्हा वर जायचा. एका जागी तो तुटला. टायर किंचाळले. आजूबाजूच्या लोकांनी माना उंचावल्या आणि मी डोळे मिटून घेतले. मग आवाज पुन्हा लागला, आधीपेक्षा सावकाश, आणि तसाच वर गेला.

तो खाली आला तेव्हा सदरा पाठीला चिकटला होता. कितवा आला ते त्याने विचारलंही नाही.

"उजवं वळण होतं," तो म्हणाला. "मागचं जरा सुटलं. पण सुटलं तसं सावरलंही. ती असती तर..." दार उघडून तो पुढच्या डाव्या सीटवर सरकला आणि दोन्ही तळव्यांत तोंड घालून रडायला लागला. इतक्या दिवसांचं सगळं. मी स्टिअरिंगमागे बसले आणि त्याचं होईपर्यंत गाडी सुरू केली नाही.

"खिडकीशीच आहे ना अजून?" त्याने नाक पुसत विचारलं.

"जाणार कुठे? मी उचलल्याशिवाय?"

"घरात एकटीच आहे मग."

"हो."

"चल ना लवकर."

माझे हात सकाळपासून भरून आले होते. ते स्टिअरिंगवर ठेवून मी ॲक्सिलरेटर दाबला.