जमिनीवरून

साइटवर टॉवर क्रेन चालवणारी ती एकटीच बाई, म्हणून सगळे तिला नुसतं ताई म्हणत. अकरा वर्षं ती उंच केबिनमध्ये बसून लोखंड, विटा, काचा अलगद जागेवर ठेवत आली. मग कानाच्या आत काहीतरी बिघडलं आणि तिला चक्कर येऊ लागली. डॉक्टरांच्या एका सहीने ती कायमची खाली उतरली.

कंपनीने तिला स्टोअरमध्ये बसवलं. सकाळी हेल्मेटं द्यायची, संध्याकाळी परत घ्यायची. तिने आणखी तीन ठिकाणी अर्ज केले, तिन्हीकडून नकार आला. नवरा म्हणाला, "अगं, खाली आलीस ते बरंच झालं. माझ्या जिवाचा घोर तरी मिटला." ती दोन दिवस त्याच्याशी बोलली नाही.

तिच्या जागी आलेला ऑपरेटर तिशीचा, ताडमाड उंच. त्याला सगळे जिराफ म्हणत. पहिल्याच दिवशी तो स्टोअरच्या खिडकीशी आला.

"ताई, वाऱ्यात ही क्रेन कशी वागते, जरा सांगाल?"

"मला हेल्मेटं पुसायचीत," ताई म्हणाली. तो क्रेनकडे परत गेला.

बाराव्या दिवशी, सकाळी अकराच्या सुमारास, वारा एकाएकी उठला. काचांची पेटी नवव्या मजल्याच्या उंचीवर लटकत होती. ती उतरवून घ्यायला दोन कारागीर बाहेर काढलेल्या फळ्यांवर उभे होते. पेटी झोके घेत त्यांच्याकडे येऊ लागली. एक जण आत पळाला. दुसऱ्याच्या कमरेच्या पट्ट्याचा हूक कठड्यात अडकला.

"मागे घे, मागे घे!" इंजिनिअर वॉकीटॉकीत ओरडत होता. जिराफने हिसका देऊन मागे घेतलं, तसा झोका आणखी वाढला. मग वरून कापरा आवाज आला, "साहेब, मला नाही जमत."

ताई धावत बाहेर आली. "सेट द्या इकडे."

"तुम्ही मध्ये पडू नका."

तिने तो त्याच्या हातातून काढूनच घेतला. "जिराफ, मी ताई. हात उचल सगळ्यावरून. श्वास घे. फक्त पेटीकडे बघ."

"हो."

"ती आता इमारतीपासून लांब जाईल. अगदी टोकाला पोचली की ट्रॉली तिच्या डोक्यावर न्यायची. मी म्हणेन तेव्हाच."

पेटी लांब गेली. ताई गप्प. पेटी परत आली आणि कारागिराच्या खांद्यापासून हातभर अंतरावर थांबून मागे फिरली. "अहो, सांगा ना त्याला," इंजिनिअर कुजबुजला. पहिल्या झोक्यात तिला वाऱ्याचा जोर अजमावायचा होता.

"आता."

वर क्रेनच्या आडव्या हातावरून पेटी धरणारी ट्रॉली सरकली. झोका निम्मा झाला.

"थांब. थांब. आता."

पेटी जराशी डुलली आणि स्थिर झाली. वर कारागिराने हूक सोडवला आणि तो आत जाऊन भिंतीला टेकून खालीच बसला.

जिराफ खाली उतरून थेट तिच्यापाशी आला. "ताई, तुम्ही होतात म्हणून..."

"तू विचारलंस तेव्हाच सांगितलं असतं तर ही वेळ आली नसती," ती म्हणाली. "माझा राग तुझ्यावर नव्हता, पण काढला तुझ्यावरच."

दुसऱ्या दिवशी ती इंजिनिअरसमोर जाऊन उभी राहिली. "मला ऑपरेटर शिकवायचं काम द्या. वर चढता येत नसलं तरी डोळे आणि जीभ शाबूत आहेत."

"असं पद आपल्याकडे नाही, ताई."

"मग तयार करा."

मुख्य कार्यालयाने पाच आठवडे घोळ घातला, दोनदा कागद परत पाठवले, पण शेवटी पत्र आलं. पहिल्या तुकडीत चार जण होते. त्यातला एक तिच्याहून सहा वर्षांनी मोठा, बाईकडून काय शिकायचं असं तोंड करून उभा. ताईने सगळ्यांत आधी त्यालाच वर चढवलं.