करंगळीकडची नस

मित्रांनो, कोपर दाराला आपटलं की करंगळीपर्यंत झिणझिण्या येतात ना? त्या देणारी ती मीच. मी एका बेकरीवाल्याच्या उजव्या हातातली जुनी नस आहे. मान, काख, कोपराची मागची बाजू, मनगट असा माझा रस्ता. आणि शेवटी करंगळीच्या कातडीत माझे बारीक बारीक फाटे पसरलेले.

काय दिवस होते ते! मळलेलं पीठ मऊ झालं की नाही हे बेकरीवाला तळव्याच्या कडेने दाबून बघायचा आणि मी लगेच कळवायचे. पिठाचा गारवा, मग भट्टीच्या दाराची धग, सगळं माझ्याकडूनच वर जायचं. तापलेल्या पत्र्याला बोट लागलं की मी अशी बोंब ठोकायचे की हात आपोआप मागे यायचा. मग तो मलाच शिव्या घालायचा. आता त्या शिव्यांचीही आठवण येते.

एका वर्षी त्याच्या कोपराजवळ फिकट चट्टा उठला. खाजेना, दुखेना, म्हणून कोणी लक्षच दिलं नाही. आत मात्र कुष्ठरोगाचे जंतू माझ्यात मुक्काम ठोकून बसले होते. मी सुजले, माझा आवाज बसत गेला. बेकरीवाला गरम पत्रे नुसत्या हाताने उचलू लागला. गिऱ्हाईकं म्हणायची, "हात आहे की सांडशी!" तोही मिशीत हसायचा. कौतुक त्याचं होत होतं आणि जीव माझा जात होता.

ओळखलं ते त्याच्या लेकीने. शेजारी पाव सुटे करताना तिला जळका वास आला. पाहते तर बापाची करंगळी पत्र्याला टेकलेली आणि बाप आपला गप्पा मारतोय. "बाबा, हात बघा," ती म्हणाली. "काय झालं हाताला?" त्याने विचारलं. तिने त्याला तसंच दवाखान्यात नेलं.

डॉक्टरबाईंनी डोळे मिटायला सांगितले. "कापूस लागेल तिथे बोट ठेवा." तो वाट पाहत बसला. शेवटी म्हणाला, "लावा की."

"केव्हाच लावून झाला," बाई म्हणाल्या. मला फार रडू आलं.

औषधाने जंतू मेले, हात वाचला. पण करंगळीकडचे माझे फाटे गेले ते गेलेच. मित्रांनो, न दुखणारा, बधिर चट्टा दिसला तर लपवू नका, लगेच दाखवा. आम्ही नसा ओरडतो तोवरच तुमचं भलं आहे.

डॉक्टरबाईंनी लेकीलाही तपासलं, काही नाही म्हणाल्या. तरी बापाचा जीव थाऱ्यावर नव्हता. तिलाही झालं असलं तर? मग एका सकाळी तिचं बोट पत्र्याला लागलं. "आई गं," म्हणत तिने हात झटकला. तो धावला. तिच्या बोटावर गार पाणी ओतताना सारखा विचारत होता, "दुखतंय ना? अजून दुखतंय ना?" ती वैतागून हो म्हणायची आणि दर वेळी त्याचे डोळे भरून यायचे.