तांबड्याचं आवतन

"हळद मी लावतो. तू सरक," बाबा म्हणाले.

मी सरकले. माझे बाबा, दत्तराव, आमच्या तांबड्या बैलाच्या खांद्यावर हळद-लोणी चोळत होते, पण कान रस्त्याकडे लागले होते. पोळ्याचा आदला दिवस, खांदेमळणीचा. दरवर्षी या दिवशी ऊन उतरायच्या आत माडीवरचा गडी बन्सीधर यायचा आणि तांबड्याला घेऊन जायचा. आज सूर्य लिंबाच्या खाली गेला तरी त्याचा पत्ता नव्हता.

"येतेत का न्हाई गं?" बाबांनी तिसऱ्यांदा विचारलं.

"न्हाई आले तर बरंच की."

"तू तर बोलूच नको, सुके. तुज्या बोलण्यानंच समदं झालंय."

ते खरंच होतं, म्हणून मी नुसती लोण्याची वाटी पुढं सरकवली. एरवी मी गप्प बसणारी नव्हे. मला जीभ जरा लांब आहे असं माझी माय सुलाबाई गावभर सांगत असते.

माडी म्हणजे मालीपाटलांची माडी. निजामाच्या राज्यात गावचा सारा त्यांच्याकडे जमा व्हायचा. निजाम गेला, पाटीलकी गेली, आता सरपंच निवडून येतो. पण पोळ्याला मारुतीपुढच्या तोरणाखालून पहिला बैल माडीचाच जातो. तो गेला की मग बाकीच्यांचे. आमची जोडी अगदी शेवटी, ओढ्याकडच्या अंगाला. हे कुठं लिहिलेलं नाही, आणि लिहिलेलं नसल्यामुळे खोडताही येत नाही.

गंमत पुढंच आहे. सात वर्षांपूर्वी माडीवाल्या नानासाहेबांनी होते नव्हते ते बैल विकले आणि ट्रॅक्टर घेतला. मान राहिला, बैल गेला. मग त्यांची नजर आमच्या तांबड्यावर पडली. लाल कंधारी जातीचा, भरल्या अंगाचा, आमच्याच गायीच्या पोटचा. बाबांनी त्याला जन्मताना आपल्या धोतरात उचलून घेतलेला. बन्सीधर पहिल्यांदा आला तेव्हा म्हणाला होता, "दोन घटकेचं काम हाय, दत्तराव. कुनाला कळायचंबी न्हाई."

कळलं सगळ्यांना, बोललं कुणी नाही. खांदेमळणीला तांबड्या माडीच्या गोठ्यात जायचा, पोळ्याला माडीची झूल पांघरून पहिला निघायचा आणि दिवेलागणीला घरी परत यायचा. आणि त्याचा मालक, माझा बाप, जोडीतला दुसरा बैल बाळ्या धरून रांगेच्या शेपटाला उभा असायचा. गावानं तोंडावर बोट ठेवलं होतं. बाबांनी तर दोन्ही हात ठेवले होते.

एकदा तर कहर झाला. तीन वर्षांमागं जनावरांचा डॉक्टर लस टोचायला आणि कानात पिवळे बिल्ले मारायला आला, तेव्हा तांबड्या नेमका माडीवर होता. डॉक्टरनं विचारलं, मालक कोण? नानासाहेब शेजारी उभे. बाबाही तिथंच. बाबांनी मान खाली घातली. तांबड्याच्या बिल्ल्याच्या नंबरापुढं नाव चढलं नानासाहेबांचं. घरी माय बरसली तेव्हा म्हणाले, "चारचौघांत त्येंची बेइज्जती करायची का? बैल तर आपल्याच दावणीला हाय."

आणि एवढं सगळं मी सेलूच्या कॉलेजात, माईकवर, दीडशे पोरांपुढं सांगून आले.

वादविवाद स्पर्धा होती. विषय होता, आधुनिक लोकशाहीत ब्रिटननं राजेशाही ठेवावी का? आता ब्रिटननं काय करावं हे सेलूच्या पोरांनी ठरवायचं, हे विषय काढणाऱ्यालाच ठाऊक! चिठ्ठ्या टाकल्या, माझ्या वाट्याला विरोधाची बाजू आली. समोर आमच्या वर्गातला नचिकेत. त्याचं म्हणणं मोठं गोड. राजा काही करत नाही हो, कायदे संसद करते, राजा नुसती सही करतो. तो एक मान आहे. त्या मानाभोवती देश एकत्र राहतो. त्यानं कुणाचं काय बिघडतं?

मी घरी तयारी करत होते. बाबा कासरा वळत बसले होते. मी त्यांना नचिकेतचं म्हणणं सांगितलं, तर मान डोलावून म्हणाले, "बराबर बोलतंय की पोरगं. आपलंच बघ. बैल आपला, मान माडीचा. कुनाचं काय बिघडलं?"

झालं! मी शोधत होते तो दाखला बाबांनी फुकटात दिला. मी व्यासपीठावरून म्हणाले, "आमच्या गावातही एक राजा आहे. त्याच्याकडे बैल नाही, पण मान आहे. बैल माझ्या बापाचा आहे. राजा नुसता मान घेतो असं म्हणतात, पण तो मान उभा राहायला कुणाचा तरी बैल लागतोच. आणि ज्याचा बैल, तो रांगेत शेवटी."

टाळ्या पडल्या. पहिला नंबर नचिकेतचा आला, माझा दुसरा. कुणीतरी माझ्या भाषणाचा व्हिडिओ काढला होता. पाचव्या दिवशी तो गावात पोचला.

कुणी शिव्या दिल्या असत्या तर मला बरं वाटलं असतं. तसं काहीच झालं नाही. पिठाच्या गिरणीवरची कडूबाई, जी मला बघून "आलीस का गं फटाकडी" म्हणायची, तिनं दळण दळून दिलं आणि माझ्याकडं बघितलंसुद्धा नाही. पारावर बाबा गेले की माणसं एकेक करून उठायची. एक मोटारसायकल आमच्या दारावरून दिवसातून चारदा जायची, अगदी सावकाश, नुसती जायची. माय रात्रीची दोनदा उठून गोठ्यात बघून यायची. मी विचारलं तर म्हणायची, "बघून आले, बास."

आणि आज बन्सीधर येत नव्हता.

आला. अगदी दिवस मावळताना. दारात चपला काढल्या, पाणी मागितलं, सावकाश प्यायला.

"नानासाहेब म्हनले, दत्तरावची पोरगी लय छान बोलली," तो म्हणाला. माझ्याकडं बघून हसला. "लय छान."

"लेकरू हाय, बन्सीधर," बाबा घाईनं म्हणाले. "कालेजातलं नाटक ते. चिठ्ठी निघाली, बोलली. त्येंना सांगा."

"त्येंना समदं मालूम हाय. आना बैल."

बाबांचा चेहरा खुलला. अशा वेळी मला त्यांचा राग येतो आणि लगेच त्या रागाची लाज वाटते. त्यांनी तांबड्याला सोडलं. मग त्याच्या कानाशी तोंड नेऊन दरवर्षीसारखं म्हणाले, "आज आवतन घ्या, उद्या जेवाया या." आम्ही बौद्ध. पूजाअर्चा आजोबांनी छप्पन्न सालीच सोडली. पण हे आवतन सोडलं नाही. आजोबा म्हणायचे, बैल काही देव न्हाई, पावणा हाय. वर्सभर आपल्यासाठी राबतो, एक दिवस पाटावर बसवायला काय जातं?

बन्सीधरनं पिशवीतून नवा कोरा कासरा काढला. तांबड्याला तो बांधला. आणि बाबांनी वळलेला, हाताच्या घामानं काळा झालेला कासरा सोडून बाबांच्या हातात दिला.

"ह्यो ठिवा तुमच्याकडं."

"आवो, ऱ्हाऊ द्या की. उद्या तर यायचाच हाय माघारी."

"ठिवा," बन्सीधर म्हणाला आणि निघाला.

आजवर तांबड्या माडीवर गेला तो आमच्याच कासऱ्यानं.

"बाबा, जा. मागं जा आन् घेऊन या त्याला."

"येडी हायस का?"

"कासरा कामून दिला त्यानं?"

"नवा आनला आसंल सणाला." पण आवाज पडला होता. ते ओट्यावर बसले, कासरा मांडीवर घेऊन. मग म्हणाले, "सुके, तू शिकलीस, तुजं बराबरच आसंल. पर मला बरं वाटायचं गं. मी मागं आसलो तरी माजा बैल पुढं ऱ्हायचा. समद्या गावाच्या पुढं. आपल्या बापजाद्यांत कुनाचं काय पुढं गेलंतं? मी तिथनं, लांबनं बघायचो त्याला. माजं पोट भरायचं."

दुसऱ्या नंबरचं बक्षीस घेतलेली मी, मायजवळ चुलीपाशी जाऊन रडले.

पोळ्याला ऊन कडक पडलं. चार वाजता सगळं गाव मारुतीपुढं जमलं. रंगवलेली शिंगं, घुंगरमाळा, डफडं. आंब्याच्या पानांचं तोरण दोन बल्ल्यांवर बांधलेलं. बाबा बाळ्याला धरून शेवटी उभे. आम्ही बाया बाजूला, शाळेच्या ओट्यावर.

माडीवरून तांबड्या आला. जरीची झूल, बाशिंग. नानासाहेबांच्या हातात नवा कासरा. तोरणाखाली येताच त्यांनी बैल थांबवला. डफडं आपोआप बंद पडलं. त्यांनी माईक मागून घेतला.

"मंडळी," ते म्हणाले. आवाज अगदी शांत होता. परभणीला राहून त्यांची भाषा गुळगुळीत झालेली. "एक व्हिडिओ तुम्ही सगळ्यांनी पाहिलाय. दत्तरावच्या मुलीनं फार चांगला प्रश्न विचारलाय. लोकशाहीत मान कुणाचा, बैल कुणाचा? मला वाटतं, लोकशाहीनंच उत्तर द्यावं. आपण मतदान घेऊ."

कुणीतरी हसलं. मग कळलं की हसायचं नाही.

"हा बैल माडीचा आहे असं ज्यांना वाटतं, त्यांनी हात वर करा."

आधी बन्सीधरचा हात गेला. मग सरपंचाचा. मग नुसत्या घुंगरमाळांचा आवाज. नानासाहेब एकेकाच्या तोंडाकडं बघत गेले, आणि ते जिकडं बघतील तिकडचा हात वर जाई. कडूबाई माझ्यापासून दोन हातांवर उभी होती. तिनं पदर सावरला आणि सावरता सावरता तोच हात वर केला. मायच्या बाळंतपणात तिच्याजवळ दहा दिवस बसलेली बाई! मला ओरडावंसं वाटलं.

"विरोधात?"

मी हात वर केला. शेजारी माझ्या मायनं हात वर केला.

"मायलेकींचे दोन," नानासाहेब म्हणाले. मग रांगेच्या शेपटाकडं बघितलं. "दत्तराव, तुमचं काय? बिल्ला मारताना तुम्ही तिथं होतात. तुम्हीच सांगा. मुलगी खोटं बोलली म्हणा, विषय मिटला. तुमचा तांबड्या संध्याकाळी दारात येईल."

त्यांनी "तुमचा" म्हटलं. म्हटलं आणि हसले.

बाबा खूप लांब होते. तिथून ते लहान दिसत होते. मी मनात म्हणत होते, म्हणा बाबा, खोटं बोलली म्हणा, मला चालतंय, एवढ्या तेवढ्यानं मी मरत न्हाई. म्हणून टाका. माझी खात्री होती, ते म्हणतील. सात वर्षं त्यांनी दुसरं काय केलं होतं?

बाबांनी बाळ्याचा कासरा उजव्या हातातून डाव्या हातात घेतला. आणि उजवा हात वर केला.

"पोरगी खोटं बोलली न्हाई," ते म्हणाले. माईक नव्हता, पण ऐकू आलं.

"तीन," नानासाहेब म्हणाले. "झालं. वाजवा रे."

डफडं वाजलं. तांबड्यानं तोरण तोडलं आणि तो पुढं गेला. जाताना एकदा मागं वळला. बाळ्या हंबरला होता म्हणून असेल. त्याच्या मागं सगळं गाव गेलं. आमची पाळी आली तेव्हा बल्ल्या काढायला माणसं आली होती. बाबा थांबले नाहीत. दोन माणसांच्या मधून, एकटा बैल घेऊन, ताठ मानेनं निघाले आणि सरळ घरी आले.

दिवेलागण झाली. मायनं दोन टोपल्यांत पुरणपोळ्या वाढून ठेवल्या होत्या. बाळ्यानं त्याची टोपली संपवली. दुसरी तशीच. बाबा उठून माडीवर गेले आणि थोड्याच वेळात परत आले. फाटक उघडलंच नव्हतं. आतून बन्सीधर एवढंच म्हणाला होता, "गावानं सांगितलंय कुनाचा बैल ते. बिल्ल्यावरबी हाय."

"ठाण्यात जाऊ," मी म्हणाले. "सकाळी जाऊ. मी लिहिते अर्ज."

"लिही," बाबा म्हणाले. तसं पहिल्यांदाच म्हणाले. "साक्षीला कोन येतंय बघू."

रस्त्यावरून ती मोटारसायकल गेली. या वेळी आमच्या दारापुढं थांबली, इंजिन चालूच. आम्ही तिघंही हललो नाही. मग गेली.

मायनं डोळे पुसले आणि दुसरी टोपली उचलायला वाकली. "मुंग्या लागतील वो. बाळ्यापुढं टाकते."

"ठिव," बाबा म्हणाले. ते दावणीशी बसले होते. तांबड्याचा जुना कासरा त्यांनी त्याच्या खुंट्याला बांधून ठेवला होता, मोकळं टोक दाराकडं करून.

"आता कशाला?"

"आवतन दिलंय त्याला," बाबा म्हणाले आणि टोपलीवर बसणाऱ्या माश्या हातानं वारत राहिले.