चौथ्या मशीनचा टाका

त्या काळी अशा उद्योगाला काही भारदस्त नाव नव्हतं. इंजिनिअरिंग कॉलेजातल्या दहाबारा पोरापोरींनी रिकाम्या सायकल स्टँडमध्ये शिवणाची मशीनं दुरुस्त करायचं दुकान थाटलं होतं, आणि सगळे त्याला ‘पोरांचं दुकान’ म्हणत. शेवटचा तास सुटला की दुकान उघडायचं. शेजारच्या अनाथ मुलींच्या वसतिगृहातल्या मोठ्या मुली तिथे काम शिकायला येत. प्रत्येकीला कॉलेजातली एक ताई नाहीतर दादा नेमून दिलेला. मशीन कसं उघडायचं इथपासून ते अनोळखी माणसाच्या डोळ्याला डोळा देऊन कसं बोलायचं इथपर्यंत सगळं त्यांनी शिकवायचं. मशीनं तेव्हा पायानं चालायची. काय खडखडाट असायचा तो!

खिळा त्यातलीच एक. हडकुळी, ताठ, आणि एकदा कुठे रुतली की निघायची नाही, म्हणून खिळा. दोन महिन्यांनी तिला अठरा वर्षं पूर्ण होणार होती, आणि मग वसतिगृहातली खाट दुसरीला मिळणार होती. त्याआधी काम मिळायला हवं, नाहीतर जायचं कुठे? हा प्रश्न ती कुणाला बोलून दाखवत नव्हती.

अशात गणवेश शिवणाऱ्या कारखान्यानं सहा बिघडलेली मशीनं पाठवली. “सहाही माझ्यासमोर चालली पाहिजेत,” तिथल्या सुपरवायझर बाईंनी बजावलं. “चालली तर दुरुस्त करणारीला मी ठेवून घेईन.”

खिळानं पंधरा दिवस मान वर केली नाही.

ठरल्या दुपारी बाई आल्या. हातात पिशवी, पिशवीत कापडाचे तुकडे. पहिलं मशीन, तलम कापड, मग जाडंभरडं चार पदरी. टाका मोत्यासारखा. दुसरं तसंच. तिसरंही. खिळाची ताई मागे उभी राहून ओढणीचं टोक पिळत होती.

चौथ्या मशीनवर जाड कापड घातलं आणि टाके सुटायला लागले. दोन पडले, तीन गेले, पुन्हा एक पडला.

“हे काय?” बाईंनी कापड उलटंसुलटं केलं. “हे तर आम्ही पाठवलं तेव्हाही असंच शिवत होतं.”

हेच मशीन परवा खिळानं आठ पदरांवर चालवलं होतं. ती वाकली, बाजूची पट्टी उघडली. सुईची दांडी जिथे आवळतात त्या स्क्रूवर ताजा, चकचकीत ओरखडा होता. तिचा पेचकस असा ओरखडा काढत नसे. दांडी केसभर वर सरकली होती. सुई दोऱ्याचा फास करायची तेव्हा खालचा दोरा घेऊन फिरणाऱ्या शटलचं टोक तिथे पोचतच नव्हतं.

“ताई,” ती मान न वळवता हळूच म्हणाली, “तुम्ही हात लावलात याला?”

ताई पुढे झाली. चेहरा बिटासारखा लाल.

“लावला. काल, तू गेल्यावर. मला वाटलं सुई खाली टेकतेय. आण, मी करते नीट.”

“नको! बाजूला व्हा.”

आजवर खिळा ताईशी अशी बोलली नव्हती. तिनं स्क्रू सैल केला, चाक हातानं सावकाश फिरवलं, सुई वर येऊ लागली तिथे थांबवली, डोळा बारीक करून दांडी खाली घेतली, आवळली. मग बाईंच्या पिशवीतला सगळ्यात जाड तुकडा स्वतःच उचलला, दुमडला, पुन्हा दुमडला आणि पायाखालचा पायटा हाणला. मशीन धाडधाड निघालं. एक टाका सुटला नाही.

मग मात्र ती ताईकडे वळली. डोळे भरले होते. “रोज तपासत होतात? माझ्यामागे?”

“रोज,” ताई म्हणाली. “तू हरू नयेस म्हणून गं.”

“मग यातलं माझं किती आणि तुमचं किती?”

“माझं? तीन महिने तुझं प्रत्येक मशीन रोज उघडून बघतेय. तुझी एक चूक सापडेल तर शपथ! काल वाटलं, सापडली एकदाची.” ताईनं नाक ओढलं. “तीही माझीच निघाली.”

खिळाला असं हसू फुटलं की पेचकस हातातून पडला. तीन महिने! एकही नाही!

“झालं का तुमचं?” बाई म्हणाल्या. पण आवाज मऊ झाला होता. “न बिघडणारं मशीन मला अजून कुणी दिलेलं नाही. बिघडलं की हातपाय न गाळणारी पोरगी हवी होती. उरलेली दोन दाखव, आणि सोमवारी सात वाजता ये.”

“राहायचं?” खिळानं विचारलं. डोळ्याला डोळा देऊन.

“कारखान्यामागे मुलींच्या खोल्या आहेत. खाट आहे, कपाट आहे.”

“कपाटाला कुलूप?”

“आहे बाई, आहे! किल्ली तुझ्याकडेच राहील.”

ताईनं अशी किंकाळी मारली की समोरच्या इमारतीतून एक प्राध्यापक कोण पडलं ते बघायला धावत आले. कोणी पडलं नव्हतं. खिळा पाचव्या मशीनवर बसली होती, आणि ताई तिच्यामागे, दोन्ही हात पाठीशी घट्ट बांधून, उभी होती.