शेवटच्या खुर्चीवरून पडदा

टीव्हीच्या पडद्याच्या पोटात जेवढा उजेड पेटतो, त्यातला बराचसा बाहेर येतच नाही. काचेत अडकतो आणि तिथंच विझतो. कोरियातल्या आसान गावच्या कारखान्यातल्या ग्वाक मीरानला ही नासाडी सहन व्हायची नाही. कुणी नळ चालू ठेवला की काही बायकांचं डोकं फिरतं, तसं तिचं या उजेडापायी फिरायचं. म्हणून तिनं बारीक भिंगांची एक पातळ फिल्म बनवली होती. ती पडद्यावर चिकटवली की तेवढ्याच विजेत पडदा कितीतरी उजळ दिसे. आज ती पाहायला सोलहून उपाध्यक्ष शिम आले होते. त्यांनी मान डोलावली तर फिल्म उत्पादनात जाणार होती. नाही डोलावली तर मीरानचं पथक मोडून माणसं इकडेतिकडे वाटली जाणार होती.

तिचे साहेब प्यॉन सकाळपासून खुर्च्या लावण्यात गुंतले होते.

"उपाध्यक्ष मधे. त्यांच्या एका हाताला कारखान्याचे प्रमुख, दुसऱ्या हाताला मी. तू त्या टोकाला, दाराजवळ."

"साहेब, फिल्म माझी आहे."

"फिल्म तुझी, पण खुर्ची हुद्द्याची. आज बोलणारही मीच आहे, तू फक्त हसतमुखानं बस."

मीरानला यात वावगं काही वाटलं नाही. तिच्या स्वतःच्या प्रयोगशाळेत ती मधे बसायची आणि सगळ्यांत धाकटी युन्सॉ दाराजवळ. तसा नियम कुणी केलेला नव्हता, पण आत येणाऱ्याचे पाय आपोआप आपल्या खुर्चीकडे वळायचे.

दिवे मालवले. डावीकडे जुना पडदा, उजवीकडे फिल्म लावलेला. "वा!" उपाध्यक्ष म्हणाले. मग प्रमुखांनी "वा!" केलं, मग प्यॉननी, आणि ते "वा" रांगेतून सरकत टोकापर्यंत आलं. मीराननं मात्र चष्मा काढून पुसला. तिला उजवा पडदा डाव्यापेक्षा फिकट दिसत होता, शिवाय किंचित निळसर.

"युन्सॉ," शेजारी दाराला टेकून उभ्या असलेल्या पोरीला तिनं कुजबुजत विचारलं, "उजवा कसा दिसतोय तुला?"

"फिकट."

"आज?"

"नेहमीच, ताई. मी कायम टोकालाच बसते ना."

"मग तोंडात मिठाची गुळणी धरली होतीस का?"

"तुम्ही म्हणायचात, 'बघ, किती उजळ झालाय!' त्यावर मी काय बोलणार होते?"

मीरानला त्या पोरीच्या एक कानफटात द्यावीशी वाटली. पण तो राग तिथं टिकेना, फिरून स्वतःकडेच यायला लागला. काय झालं होतं ते तिला आता लख्ख कळत होतं. काचेत अडकलेला उजेड अडकलेलाच होता. फिल्मनं फक्त बाजूला जाणारा उजेड ओढून मधे आणला होता. दर आठवड्याला भिंगांचा आकार थोडा बदलायचा, आकडा थोडा वाढला की टाळ्या वाजवायच्या, आणि आकडा सांगणारं यंत्र ठेवलेलं पडद्याच्या बरोबर समोर! बाजूनं शेवटचं मोजलं होतं ते वसंतात, भिंगांचा आकार जुना असताना. पुढं प्यॉन म्हणाले, "निर्णय होऊ दे, मग मोजू." तीही हो म्हणाली होती.

"चला, करून टाकू," उपाध्यक्ष मधल्या खुर्चीवरून म्हणाले. प्यॉनचा चेहरा मुलगी उजवल्यागत खुलला.

गप्प बसणं अगदी सोपं होतं. पण मीरानला घरचा टीव्ही आठवला. मधे सासरे बसत, आणि ती भांडी विसळता विसळता स्वयंपाकघराच्या दारातून तिरकं बघत असे. ती उठली.

"उपाध्यक्षसाहेब, जरा इथं माझ्या खुर्चीवर येऊन बसाल?"

"मीरान!" प्यॉन ओरडलेच. "साहेबांना दारात बसवतेस? डोकं ठिकाणावर आहे ना?"

"बसतो की," शिम हसले. "कंटाळा आला तर पळायला बरं."

ते उठले, म्हणून सगळे उठले. ते मीरानच्या खुर्चीत बसले आणि बराच वेळ बघत राहिले. मग म्हणाले, "इथून फिकट आहे."

"हो साहेब, फिकट आहे," कारखान्याचे प्रमुख म्हणाले. ते अजून मधेच उभे होते, डोळे दिपतील अशा पडद्यासमोर.

"मलाही मघाशी शंका आली होती," प्यॉन म्हणाले. तेही मधेच होते. मग रांगेतल्या एकेकाला पडदा जागच्या जागी फिकट दिसू लागला.

"थांबवा हे," शिम उठत म्हणाले. "आणि पथकाचं जे ठरलंय ते होऊ द्या." जाताना ते मीरानकडे बघून जरासे वाकले. त्यांच्यामागून सगळे गेले. प्यॉन तिच्याकडे न बघता गेले.

मीरान मधल्या खुर्चीवर जाऊन बसली. तिथून पडदा नुसता झळाळत होता. इतका सुंदर उजेड आपण केला होता, या विचारानं तिला रडू कोसळलं.

"ताई, दिवे लावू?" युन्सॉनं दारातून विचारलं.

"नको. इथं ये. माझ्या शेजारी बसून नीट बघ. आता तुझी साहेब म्हणून विचारत नाही. कसा दिसतो?"

युन्सॉ खुर्चीच्या कडेला टेकली. ओल्या डोळ्यांच्या मीरानकडे तिनं एकदा पाहिलं, मग पडद्याकडे.

"खूप उजळ आहे, ताई."

"खरंच?"

"खरंच."

आणि ते खरं मानावं की नाही, हे मीरानला काही केल्या ठरवता येईना.