कमरेएवढी दोरी

"आई, हा चहा आहे की खारं पाणी?" बाबांनी पहिल्याच घोटाला तोंड वाकडं केलं.

"अगं बाई! साखरेच्या जागी मीठ पडलं वाटतं," आजी हसली. "वय झालं रे आता."

नात मात्र हसली नाही. ज्या बाईने उभ्या जन्मात कधी दूध उतू जाऊ दिलं नाही, तिच्या हातून मीठ-साखरेची गल्लत?

बाबांना आयतंच निमित्त मिळालं. "म्हणूनच सांगतोय, इथे एकटी राहू नकोस. बॅग भर आणि आजच चल माझ्याकडे."

"मी कुठेही येणार नाही," आजी म्हणाली. पण आज आवाजात नेहमीचा ठसका नव्हता, आणि तेच नातीला खटकलं.

आजोबांना जाऊन महिना होत आला होता. अख्खं गाव त्यांना 'खटपटे' म्हणायचं. कुणाचा पंप अडो, कुणाचं शिवणयंत्र रुसो, शाळेची घंटा मुकी होवो, खटपट्यांना निरोप गेलाच म्हणून समजा. काम असं, की नाव ठेवायला जागा नाही. स्वतःच्या घरात मात्र सगळा आनंदीआनंद! स्वयंपाकघरातल्या खणांच्या मुठी बघाव्यात, तर एक पितळेची, दुसरी बाटलीच्या बुचाची, तिसरी रिकाम्या रिळाची. मिठाच्या बरणीला सुतळी गुंडाळलेली. आणि बोळातून न्हाणीघराकडे बांधलेली ती दोरी, चक्क कमरेएवढ्या उंचीवर! "कपडे वाळत घालायला," असं आजोबा सांगायचे. त्या दोरीवर चादर घातली असती तर वाळता वाळता फरशीही पुसून निघाली असती. "लोका सांगे ब्रह्मज्ञान!" म्हणत बाबा सगळ्यांकडे टाळी मागायचे. नातही खो खो हसायची. आजोबा नुसते मिशीतल्या मिशीत हसायचे.

तेव्हा बाबांनी काल जे केलं ते मायेपोटीच, यात शंका नाही. आईचं घर एकदाचं नीटनेटकं करून द्यावं म्हणून त्यांनी सुतार बोलावला. सगळ्या खणांना एकसारख्या चकचकीत मुठी बसवल्या. एकसारख्या बरण्या आणल्या. दोरी सोडली आणि सगळं भंगार पोत्यात भरून, बोळातल्या जुन्या खुर्चीसकट, परसात नेऊन ठेवलं.

आजी दुसऱ्यांदा चहा टाकायला उठली. नात मागोमाग गेली. आजीचा हात खणांवरून फिरत होता. पहिला, दुसरा, परत पहिला. डोळे हाताकडे नव्हतेच, ते भलतीकडे, खिडकीच्या बाजूला लागले होते.

"आजी," ती हळूच म्हणाली, "मी आज कुठल्या रंगाचे कपडे घातलेत?"

आजीचा हात जागच्या जागी थांबला.

"हळू बोल. तुझा बाप ऐकेल." मग ती ओट्याला टेकली. "उजेड तेवढा कळतो गं. डॉक्टरांनी कधीच हात टेकले. मी रडून घर डोक्यावर घेतलं, तर हे म्हणाले, डोळे गेले तर गेले, पण घर कसं जाऊ देतो बघ! मग बसले ठोकाठोक करत. तुम्ही यायचात चार दिवस, आणि तेव्हा हे माझ्या बाजूला असायचेच. कुणाला कळायची काय बिशाद!"

नातीला रडू फुटलं आणि रागही आला, बाबांचा आला त्याहून जास्त स्वतःच्या त्या खो खो हसण्याचा. डोळे पुसून ती तडक परसात गेली, पोतं ओढत आत आणलं आणि फरशीवर उपडं केलं.

"बाबा, स्क्रूड्रायव्हर आणा!"

सगळं ऐकल्यावर बाबांनी फरशीवरची रिळाची मूठ उचलली. ते म्हणाले, "दिसत नाही, आणि एकटी राहणार म्हणे! आता तर न्यायलाच हवं तुला."

"तुझ्या घरी आले तर मी आंधळी होईन रे," आजी म्हणाली. "इथे मी नाहीये. त्या मुठी लाव परत. मग मी चहा करते. एक थेंब जरी सांडला, तर मुकाट्याने गाडीत बसेन."

आता आवाजात ठसका आला होता.

मुठी लागल्या. सुतळीची बरणी मिठाच्या जागी गेली. आजीने बुचाचा खण उघडून चमचा काढला, रिळाच्या खणातून गाळणं. कपाच्या काठावर बोट ठेवून तिने चहा ओतला, आणि तो बोटाला लागायच्या आत थांबली. बाबा ओट्याकडे टक लावून बघत होते. थेंब नव्हता. त्यांनी घोट घेतला.

"साखर बरोबर आहे," ते म्हणाले, आणि दोरी घेऊन बोळात गेले.

दोरीला गाठी होत्या. वळणावर एक, पायरीपाशी दोन. बाबांनी ती जुन्याच खिळ्यांना ताणून बांधली.

"आई, ही शेवटची गाठ कशाची गं? इथे ना दार, ना पायरी."

"तिथे त्यांची खुर्ची असायची. गाठ लागली की मी हात पुढे करायची, आणि ते धरायचे."

परसातून खुर्ची आणून, पुसून, बाबांनी ती गाठीपाशी ठेवली.

"थांब, मला बघू दे," म्हणत आजी दोरी धरून निघाली. वळण घेतलं, पायरी उतरली. शेवटच्या गाठीपाशी तिचा हात आपसूक पुढे झाला आणि खुर्चीच्या पाठीला लागला. तिथे तो जरा वेळ राहिला.

"बरोबर ठेवलीस," ती म्हणाली, आणि रिकामे कप विसळायला परत फिरली.