आज दुपारी प्रत्यक्ष पाहिले

निवृत्तीनंतरची पहिली सहल हॉटेलात राहून करायची नाही, असा सरांचा हट्ट होता, आणि सरांचा हट्ट म्हणजे हट्ट. त्यांनी पाच दिवसांसाठी एक घरगाडी भाड्यानं घेतली. आत दोन पलंग, गॅसची शेगडी, छोटा फ्रीज आणि एका वेळी एकच माणूस वळू शकेल एवढी न्हाणी. "चौतीस वर्षं पी.टी. शिकवलीय, मला काय होतंय!" हे ते गाडी देणाऱ्या माणसालाही विनाकारण ऐकवून आले. शाळा सुटून दोन वर्षं झाली तरी सगळे त्यांना सरच म्हणत, आणि त्यांनाही ते गोड लागे.

त्यांची बायको तीस वर्षं बसस्थानकावर चौकशीच्या खिडकीत बसलेली. तिथले सगळे तिला चौकशीबाई म्हणत. कुठली गाडी किती वाजता, कुठे लागते, आज रद्द आहे का, सगळं बाईंना तोंडपाठ. जे ठाऊक नसे ते त्या "मी पाहिलं नाही, विचारून सांगते" म्हणत आणि खरंच विचारून सांगत. त्यांच्या शब्दावर लोक पोराबाळांना काखोटीला मारून पळत सुटायचे, आणि त्या तीस वर्षांत एकाचीही गाडी बाईंमुळे चुकली नव्हती. सर चारचौघांत त्यांची थट्टा करत, "हिला मीठ कुठंय विचारलं तरी फलाट क्रमांकासकट सांगते!" बाई हसत, पण मनातून त्यांना त्याचा अभिमान होता.

पहिले दोन दिवस तलावाच्या कडेनं गाडी हाकण्यात आणि दोन लहान धबधबे बघण्यात मजेत गेले. तिसऱ्या दिवशी मोठा धबधबा. त्याचा फोटो खिडकीतल्या टेबलावर, काचेखाली, अकरा वर्षं होता. वेळापत्रकातून मान वर काढली की बाई त्याच्याकडे बघायच्या. खरं म्हणजे ही सहल त्या फोटोसाठीच होती.

दोन तास चढल्यावर बाईंच्या गुडघ्यानं तक्रार सुरू केली. शेवटच्या वळणाआधी एक लाकडी बाक होतं, तिथे त्या टेकल्या.

"अहो, जरा पुढं जाऊन बघून या ना वाट कशी आहे. मी तोवर दम खाते."

"मी काय, यूं गेलो नि यूं आलो," सर म्हणाले आणि वळणाआड गेले.

वळणापलीकडे कड्याच्या अंगाला दोन हात रुंदीची वाट होती. एका बाजूला दगडात ठोकलेली साखळी आणि दुसऱ्या बाजूला काहीही नाही. पन्नास पावलांवरच्या कोपऱ्यामागून पाण्याचे तुषार उडत होते. सरांनी साखळी धरली, एक पाऊल टाकलं आणि खाली पाहिलं. ते पाठ दगडाला टेकवून उभे राहिले आणि कसेबसे मागे सरकले.

शाळेत दोरावर चढायला घाबरणाऱ्यांना सरांची एक ठरलेली शिक्षा असे. सगळ्या वर्गाचे बूट ओळीनं लावायचे आणि तास संपेपर्यंत त्यांची राखण करत बसायचं. दोन वेण्यांची एक मुलगी तर अख्खं वर्ष बूट राखत बसली होती. "भीती पायात नसते, डोक्यात असते!" असं ते तिला सगळ्यांसमोर ऐकवायचे आणि वर्ग खो खो हसायचा. ती मुलगी सरांना आत्ता, इथे, का आठवावी?

बाईंना खरं सांगितलं असतं तर काय बिघडलं असतं? काहीच नाही. पण वळणावरून परत येताना इतक्या वर्षांची फुशारकी आडवी आली आणि खऱ्याच्या जागी भलतंच बाहेर पडलं.

"वाट बंद आहे गं. दरड कोसळलीय."

बाईंचा चेहरा पडला. मग त्यांनी पदराआड एक उसासा सोडला आणि उठल्या. "राहू दे. तुम्ही सुखरूप आलात ना?"

त्या 'सुखरूप'नं सरांना मेल्याहून मेल्यासारखं झालं. आणि हे तर काहीच नव्हतं.

अर्धी वाट उतरल्यावर एक म्हातारा गळ्यात कॅमेरा घालून वर येत होता. मागून त्याची बहीण, हातात काठी, दर दहा पावलांना थांबत होती. तलावाच्या दुसऱ्या टोकाला उतरलोय, परवा सकाळी घरी परतणार, हे म्हाताऱ्यानं न विचारता सांगितलं आणि मग विचारलं, "वर वाट चालू आहे ना?"

तोच प्रश्न. बाईंनी तो तीस वर्षं ऐकला होता. सरांनी तोंड उघडायच्या आत त्या म्हणाल्या, "नाही हो, दरड कोसळलीय. यांनी स्वतः पाहिलंय."

सर बुटाची नाडी बांधायला वाकले. नाडी सुटलेली नव्हती.

"बरं झालं बाई तुम्ही भेटलात," काठीवाली म्हणाली, "उगाच जिवाचे हाल झाले असते." दोघं मागे फिरली आणि सर मूग गिळून त्यांच्यामागे उतरले.

घरगाड्यांच्या मुक्कामावर पोचल्यावर बाई थेट सूचनाफलकाकडे गेल्या. त्यांनी खडू घेतला आणि वळणदार अक्षरात लिहिलं, 'मोठ्या धबधब्याची वाट दरड कोसळल्याने बंद. आज दुपारी प्रत्यक्ष पाहिले.' खाली आपल्या गाडीचा क्रमांक टाकला, म्हणजे कुणाला काही विचारायचं असेल तर येऊन विचारेल. सर खडूचा डबा धरून शेजारी उभे होते.

चारच्या सुमाराला दोघं गाडीबाहेर घडीच्या खुर्च्या टाकून चहा घेत होते. समोर तलाव पसरला होता. मुक्कामाचा रखवालदार खांद्यावर दोरखंड टाकून आला.

"काकू, फळ्यावर तुम्ही लिहिलंत? अहो, मी आत्ता वरूनच येतोय, साखळी तपासून. दरड कुठं पाहिलीत तुम्ही?"

बाईंनी सरांकडे पाहिलं. सरांनी कपात पाहिलं. कपात चहा संपलेला होता.

मग बाई उठल्या. "माझी चूक झाली," त्या रखवालदाराला म्हणाल्या, "मी पाहिलं नव्हतं आणि पाहिलं म्हणून लिहिलं." त्या फलकाकडे गेल्या आणि स्वतःच्या रुमालानं अक्षर न् अक्षर पुसून काढलं. आणि सर? सर खुर्चीतच बसून राहिले. बायको आपला दोष स्वतःच्या डोक्यावर घेतेय हे डोळ्यांनी बघत ते बसून राहिले.

बाई गाडीत आल्या तेव्हा सर आतल्या पलंगावर बसले होते.

"दरड होती?"

"नव्हती."

"मग?"

"मला भीती वाटली."

"एवढंच ना? मग तसं सांगायचं. मी तिथेच बाकावर बसून सँडविच खाल्लं असतं आणि परत फिरले असते." बाईंचा आवाज चढला नव्हता, म्हणून सरांना जास्त लागत होतं. "मला फसवलंत ते एक वेळ मी गिळीन. पण त्या दोघांना तुम्ही माझ्या तोंडून परत पाठवलंत. माझ्या तोंडून!" त्या पुढे जाऊन ड्रायव्हरच्या शेजारच्या सीटवर बसल्या. "गाडी काढा."

तलावाला वळसा घालणारा तो रस्ता आदल्या दिवशी त्यांनी दहा ठिकाणी थांबून पाहिला होता. आज सरांना पाणी दिसलं नाही की डोंगर दिसला नाही. घाईत कपाटाची कडी लावायची राहिली होती. प्रत्येक वळणावर एक स्टीलचा पेला खाली पडून मागे घरंगळत जाई. एरवी एक पेला पडला तरी धावणाऱ्या बाई जागच्या हलल्या नाहीत. सहा पेले होते, सहाही पडले.

दुसऱ्या टोकाला भाऊबहीण बाकावर बसून सफरचंद कापत होते. बाईंना पाहून काठीवालीनं हसून हात हलवला. बाई जवळ गेल्या आणि म्हणाल्या, "मी तुम्हाला चुकीची..."

"थांब," सर म्हणाले. "वाट चालू आहे. दरड बिरड काही नव्हती. मी घाबरलो आणि हिला खोटं सांगितलं. हिनं माझ्यावर विश्वास ठेवला, आणि तुम्ही हिच्यावर."

म्हाताऱ्यानं कॅमेऱ्याचं झाकण उघडलं, बंद केलं. "कमाल आहे हो तुमची," तो म्हणाला. "तिच्या डॉक्टरच्या हातापाया पडून चार दिवस मिळवलेत मी."

त्याची बहीण मात्र सरांकडेच बघत होती. "वाट किती रुंद आहे?"

"दोन हात. साखळी आहे."

"मग?" तिनं विचारलं.

सरांनी मान खाली घातली.

दुसऱ्या दिवशी सकाळी चौघं वर गेले. काठीवालीसाठी वीस वेळा थांबावं लागलं, तिचा एक हात शेवटपर्यंत बाईंच्या खांद्यावर होता. वळणाशी दगड ओला होता. बूट घसरतात, अनवाणी जा, असं रखवालदारानं बजावलं होतं. म्हाताऱ्यानं बूट काढले, बहिणीनं काढले, बाईंनी काढले. सरांनीही काढले, साखळी धरली आणि तीन पावलं गेले. चौथं उचललंच जाईना. मागून बाईंनी त्यांच्या पाठीवर हात ठेवला.

"बसा तुम्ही," त्या म्हणाल्या. टोमणा नव्हता, नुसतं सांगितलं. म्हणून ते मागे वळणाशी येऊन बसले.

तिघं साखळी धरून कोपऱ्याआड गेले. काठी कड्याला टेकून ठेवली होती. सरांच्या शेजारी चार जोड बूट होते. त्यांनी ते सवयीनं ओळीत लावले, टाचा कड्याकडे, आणि लावता लावता त्यांचा हात थबकला. त्या दोन वेण्यांच्या मुलीनं वर्षभर एकदाही मान वर केली नव्हती. ती रडत होती का, हे त्यांनी कधी वाकून पाहिलं नव्हतं. आपल्या या वयात, या दगडावर, सरांच्या डोळ्यांत पाणी आलं आणि ते पुसायचीही त्यांना लाज वाटली.

अर्ध्या तासानं बाई परतल्या, भाऊबहीण अजून तिकडेच फोटो काढत होते. केसांतून पाणी निथळत होतं आणि चेहरा असा उजळला होता की तसा सरांनी तो कित्येक वर्षांत पाहिला नव्हता. त्या शेजारी येऊन बसल्या. तेवढ्यात खालून एक कुटुंब चढून आलं, आई, बाप आणि दोन मुली. भिजलेल्या बाईंना पाहून बापानं त्यांनाच विचारलं, "काकू, वाट चालू आहे ना?"

बाईंनी ओठ उघडले आणि मिटले. मग नवऱ्याकडे बोट केलं. "यांना विचारा."

सर उभे राहिले.

"चालू आहे," ते म्हणाले. "मी गेलेलो नाही. मला भीती वाटते. पण ही जाऊन आलीय, आणि ही सांगते ते खरं असतं."

बापाला ती थट्टा वाटली, तो हसला. धाकटी मुलगी हसली नाही. ती आईचा हात घट्ट धरून साखळीकडे बघत होती. सर खाली वाकले आणि आपल्या बुटांशेजारी जागा करू लागले.

"वाट ओली आहे, अनवाणी जा," ते म्हणाले. "बूट इथे ठेवा. मी बसलोय राखायला."